आतड्याला सूज येते कशाने? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन आजारांना मिळून ‘आयबीडी’ म्हणतात. दोन्हींत आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात आणि आजार वर्षानुवर्षं उठत-बसत राहतो. ‘आयबीएस’ हा वेगळा त्रास, त्यात जखमा नसतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी दिसली: घराण्यात कुणाला नव्हतं, मग आम्हाला कुठून आलं?

प्रश्न : यजमानांनी वीस वर्षांची सिगरेट सोडली आणि वर्षाच्या आत शौचावाटे रक्त जाऊ लागलं. तपासात कोलायटिस निघाला. आता ते म्हणतात, “सोडली म्हणूनच झालं, पुन्हा सुरू करतो.” यात तथ्य आहे का? – एक वाचक, सांगली

तथ्य आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सिगरेट ओढणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी आढळतो आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो डोकं वर काढतो, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. क्रोन्समध्ये मात्र नेमकं उलटं घडतं. तिथे धूम्रपानाने आजाराचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि ऑपरेशननंतर आजार लवकर परततो.

कोलायटिसमध्ये निकोटिनच्या पट्ट्याही वापरून पाहिल्या गेल्या. उठलेला त्रास त्यांनी थोडा उतरला, पण तो पुन्हा उठू नये यासाठी त्यांचा उपयोग झाला नाही. कोलायटिसवर औषधं आहेत. सिगरेटने बिघडलेल्या फुप्फुसाला आणि हृदयाला तशी सोय नाही. म्हणून पुन्हा सुरू करू नका, त्याऐवजी तंबाखू किंवा मिश्रीही नको. मेसालामीनची गोळी (कोलायटिसची सूज आटोक्यात ठेवणारं औषध) ठरल्या मात्रेत रोज घ्या. बरं वाटलं की गोळी बंद करणं ही या आजारातली सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि मग दोष सिगरेट सोडण्याला दिला जातो. ज्यांना आधीच कोलायटिस आहे आणि आता सिगरेट सोडायची आहे, त्यांनी आजार शांत असताना, डॉक्टरांना सांगून सोडावी. पुढे दोन-तीन महिन्यांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी केली, तर सूज वाढतेय का हे रक्त दिसण्याआधी कळू शकतं.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला क्रोन्स आहे. तिखटाने झालं असेल म्हणून ठेचा, चटणी, दूध, पालेभाज्या सगळं बंद केलंय. तिचं वजन उतरतंय. आणखी काय बंद करू? – एक आई, नाशिक

आणखी काही बंद करू नका, उलट बरंच परत सुरू करायचं आहे. वजन उतरतंय हे मात्र तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात कळवा. ते कमी खाण्यामुळेही असेल आणि आजार पेटलेला असल्यामुळेही.

ठेच्याने क्रोन्स होत नाही. आजार उठलेला असताना तिखट झोंबतं, पोटात कळ येते, म्हणून तेवढ्या दिवसांपुरतं कमी करायचं. ज्याच्याकडे बोट दाखवावं असं अन्न वेगळंच आहे, आणि ते आपल्याला निरुपद्रवी वाटतं: कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं. भारतासह २१ देशांतल्या १ लाख १६ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं अन्न दिवसाला पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांत आयबीडीचं प्रमाण, दिवसाला एकदाही न खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १.८ पट निघालं. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण त्यामागची शक्यता समजण्यासारखी आहे. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तो जंतूंना भिंतीपासून दूर ठेवतो. तेल-पाणी एकजीव ठेवणारी काही रसायनं उंदरांना पाण्यातून दिली, तेव्हा जंतू त्या थरात घुसून भिंतीजवळ पोचले.

ही रसायनं ओळखायची कशी? आइस्क्रीमचा डबा उलटा करा. घटकांच्या यादीत ‘स्टॅबिलायझर’ आणि ‘इमल्सिफायर’ या शब्दांपुढे आकडे असतात. ४६६ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, ४३३ म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०, ४०७ म्हणजे कॅराजीनन. उंदरांवरच्या त्या प्रयोगात पहिली दोन होती. सॉस, पाकिटातली फ्लेवरवाली पेयं, क्रीमचे केक यांवरही हे आकडे शोधा. ४१२ दिसला तर घाबरू नका, तो गवारीचा डिंक आहे. महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर आइस्क्रीम खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. रोजच्या डब्यातलं, रोजच्या कपाटातलं कमी करायचं आहे.

दुधाचं असं करा. आजार शांत असताना आठवडाभर दूध बंद ठेवा, मग सलग तीन दिवस रोज एक कप द्या. पोट फुगलं, पातळ झालं, तर तिला दुधातली साखर पचत नाही एवढाच अर्थ, आणि तरीही दही-ताक बहुधा चालतं. त्रास झाला नाही तर दूध चालू ठेवा. स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडं आधीच झिजत असतात, कॅल्शियम तोडणं परवडत नाही. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं.

पालेभाज्यांबाबत एकच गोष्ट आधी विचारा: आतडं कुठे अरुंद झालंय का? तसं असेल तर मक्याचे दाणे, पेरूच्या बिया, सालीसकट मोड आलेली मटकी तिथे अडकू शकते. मग साल काढून, मऊ शिजवून, घोटून द्या. जेवल्यावर पिळवटून कळ, पोटाला तडस आणि उलट्या असं झालं तर घरी थांबू नका. आतडं अरुंद नसेल, तर भाजी-डाळ हवीच.

प्रश्न : वर्षभर कोलायटिस शांत होता. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून “साधी पॅरासिटामोल” आणून पाच दिवस घेतली आणि पुन्हा आव-रक्त सुरू झालं. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

गोळीची पट्टी उलटून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे पॅरासिटामोलबरोबर ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेल्या जोडगोळ्या सर्रास मिळतात. ही वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात. त्याने दुखणं थांबतं, पण आतड्याचं अस्तर सांभाळायलाही तीच द्रव्यं लागतात. प्रत्येकालाच भडका येतो असं नाही, पण ज्यांना येतो त्यांना तो थोड्याच दिवसांत येऊ शकतो. पट्टीवर फक्त ‘पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅम’ असं एकच नाव हवं. यकृत ठीक असेल तर प्रौढाने सहा तासांच्या अंतराने एक गोळी घ्यावी. आणि गुडघेदुखी आयबीडीचाच भाग असू शकते. सांध्यांची सूज अनेकदा आतड्याबरोबर वर-खाली होते, म्हणून ती डॉक्टरांना दाखवाच.

अँटिबायोटिकचंही तसंच. लहानपणी त्यांचे वारंवार कोर्स झालेल्या मुलांत पुढे आयबीडी, विशेषतः क्रोन्स, जास्त आढळतो. न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागतंच, ते नाकारू नका. साध्या सर्दीला मागू नका. कोर्सनंतर जुलाब सुरू झाले, तर आजार उठला असं गृहीत धरून स्टेरॉइड वाढवण्याआधी ‘सी डिफिसिल’ या जंतूची शौचतपासणी करून घ्या. आणि रक्ताची शौचं आठवड्यावर टिकली, तर मूळव्याध किंवा अमिबाची आव समजून गोळ्यांचे कोर्स करत बसू नका.

प्रश्न : मुलगा-सून इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात, नातू तिथेच जन्मला. माझ्या धाकट्या दिरांना कोलायटिस आहे. नातवाला धोका किती? – एक आजी, पुणे

आजोबांच्या भावाचं नातं बरंच लांबचं, त्याची चिंता नको. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला कोलायटिस असला, तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. गाव मात्र तुम्ही नेमकं सांगितलंत. भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिस तिथल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त आढळतो, हे लेस्टरमध्येच दिसून आलं होतं. माणसं तीच, जनुकं तीच, बदललं ते भोवताल. पण भारतात राहिलं म्हणजे सुटलो असंही नाही: लुधियानातल्या पाहणीत (२००३ मध्ये प्रसिद्ध) लाखामागे ४४ जणांना कोलायटिस निघाला.

सूनबाईंना सांगा: अंगावरचं दूध जितके महिने देता येईल तितकं द्यावं, घरात कुणी सिगरेट ओढू नये, विनाकारण अँटिबायोटिक नको, वरण-भात-भाजीची चव लवकर लावावी. मातीत खेळू द्यावं. तिथे ऊन कमी, म्हणून एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यावं असा तिथल्या आरोग्यखात्याचा सल्ला आहे. तो हाडांसाठी पाळावा; त्याने आयबीडी टळतो असं सिद्ध झालेलं नाही.