‘लूसी’ हा माणसाच्या प्राचीन पूर्वजाचा सांगाडा ३२ लाख वर्षं जुना आहे, हे कार्बन डेटिंगने कसं ठरवलं?

कार्बन डेटिंगने नाहीच. हाडातला किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५०,००० वर्षांनंतर मोजण्याइतका उरतच नाही.

लूसी १९७४ साली इथिओपियातल्या हदार इथे सापडली. तिथे वय काढतात ते हाडाचं नाही, हाड सापडलेल्या थराच्या खालच्या आणि वरच्या ज्वालामुखीच्या राखेचं. वितळलेल्या खडकातून आरगॉन वायू निघून जातो. राखेतला फेल्डस्पार या खनिजाचा स्फटिक थंड झाला, की त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून नवा आरगॉन तयार होऊन आतच अडकतो. वाळूच्या कणाएवढा एकेक स्फटिक लेसरने वितळवून तो वायू मोजायचा; पोटॅशियमच्या मानाने तो जितका जास्त, तितकं वय जास्त. लूसीच्या लगेच खालच्या राखेचं वय निघालं ३१.८ लाख वर्षं. म्हणजे लूसी त्याहून किंचित अलीकडची.

एकेक कण का? कारण पाण्याने वाहून आलेले जुने स्फटिक राखेत मिसळतात. मूठभर एकत्र मोजले तर वय फुगतं. उलट, झिजलेल्या स्फटिकातून आरगॉन गळतो आणि वय कमी दिसतं. म्हणून कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडून घेतात, आणि हे काम फार नेटाचं आहे. हाड नेमकं कुठल्या थरातून आलं याची नोंद नसेल, तर मात्र उत्तम प्रयोगशाळाही काही करू शकत नाही.