नवरा-बायको दोघंही नोकरदार असतील तर आधुनिक चित्रं, प्रिंट वगैरे जमवणं परवडतं का? आणि प्रिंट म्हणजे शेवटी कॉपीच ना?

परवडतं. मी आणि माझा नवरा लग्न झाल्यापासून हेच करतोय, दोघंही पगारावर जगणारे, आणि आता भिंती पुरत नाहीत म्हणून चित्रं आळीपाळीने लावतो. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण बहुतेक लोक तिथेच अडतात.

प्रिंट म्हणजे कॉपी नाही. कॉपी काढायला मूळ चित्र आधी कुठेतरी असावं लागतं, आणि एचिंगमध्ये तसं काही नसतंच. चित्रकार तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतो, त्यात सुईने रेघा ओढतो, पत्रा अ‍ॅसिडमध्ये ठेवतो, जिथे थर खरवडलाय तेवढाच भाग अ‍ॅसिड खातं, मग त्या चरांत शाई भरायची, वरवरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. कागदावर जे उमटतं तेच मूळ चित्र. फक्त ते एकाऐवजी तीस-पन्नास घरांत जाऊ शकतं, म्हणून तर आपल्याला घेता येतं. खाली पेन्सिलीने 12/50 लिहिलेलं दिसलं तर पन्नासच्या एडिशनमधलं, म्हणजे एकूण पन्नासच छापायचे ठरवले त्यातलं, बाराव्या नंबरचं, ए.पी. असेल तर आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे एडिशनच्या बाहेर चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेलं. नंबर लहान म्हणजे प्रिंट भारी असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे अ‍ॅसिड न वापरता थेट सुईने ओरखडलेल्या पत्र्यात, मात्र खरंच फरक पडतो, कारण सुईने पत्रा ओरखडताना रेघेच्या कडेला धातूची जी बारीक कड उभी राहते ती शाई धरून ठेवते आणि प्रेसखाली लवकर झिजते, त्यामुळे पहिल्या काही प्रिंटमधली ती मऊ, काळीभोर रेघ नंतरच्यात मिळत नाही.

आम्ही प्रिंट बघायला जातो तेव्हा नवऱ्याकडे भिंग असतं आणि माझ्याकडे छोटा टॉर्च. टॉर्च कागदाच्या बाजूने तिरका धरायचा. एचिंग असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उठलेला दिसतो आणि काही रेघांवर शाई किंचित उभी राहिलेली असते, अगदी केसाएवढी, पण सावली पडते तिची. भिंगातून रंगांच्या जागी बारीक ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर बहुधा ऑफसेटवर छापलेला फोटो आहे, मग खाली पेन्सिलीने सही का असेना. लिथोग्राफ (दगडाच्या सपाट पृष्ठभागावरून छापलेलं) आणि स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेलं) यांना असा दाब नसतो, त्यामुळे दाब नाही म्हणून ते खोटं ठरवू नका.

परवडण्याबद्दल विचाराल तर न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल जरूर वाचा. तो पोस्टात पत्रं वेगळी करायचा, ती लायब्ररीत. 1962 ला लग्न झालं, दोघं आधी स्वतः चित्रं काढायचे, नंतर ते सोडून फक्त जमवायला लागले. तिच्या पगारावर घर आणि त्याच्या पगारावर चित्रं, हा त्यांचा हिशोब, आणि चित्र टॅक्सीतून किंवा लोकलने नेता आलं पाहिजे आणि एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावलं पाहिजे. अमेरिकन चित्रकार सोल लेविटसारख्या लोकांची कामं, त्या चित्रकारांना फारसं कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून व्होगेलांनी घेतली. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याकडून तर एक काम मांजर सांभाळण्याच्या बदल्यात मिळालं होतं! आणि एवढं सगळं असून विकलं काही नाही, 1992 मध्ये संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे सोपवायचं ठरवलं आणि नंतर 2008 पासून अमेरिकेच्या पन्नास राज्यांत प्रत्येकी एका म्युझियमला पन्नास-पन्नास कामं गेली. पोस्टातल्या पगारातून हे उभं राहिलं, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

दोघांची आवड जुळलीच पाहिजे असं मला अजिबात वाटत नाही. मला माणसं असलेली चित्रं ओढतात, त्याला नुसते रंग आणि आकार. आमच्याकडे एक स्क्रीनप्रिंट आहे, त्याने घेतलेलं, लाल आणि निळे पट्टे. बरेच दिवस मी त्याच्याकडे नुसती सजावट म्हणून बघत होते, मग एकदा त्याने बोट ठेवून दाखवलं की मधला जांभळा रंग वेगळा छापलेलाच नाहीये, पारदर्शक निळी शाई लालवर चढली म्हणून तो तयार झालाय, आणि चढवताना स्क्रीन केसभर सरकली म्हणून एका कडेला लालची बारीक रेघ उघडी राहिलीय. तेव्हापासून ती रेघ बघितल्याशिवाय मी त्या भिंतीसमोरून जात नाही. म्हणून आमचा नियम एवढाच, एकाला मनापासून हवं असेल आणि दुसऱ्याला ते बघवतच नाही असं नसेल, तर घ्यायचं. भाव वाढेल म्हणून आम्ही काही घेत नाही, तुम्हीही घेऊ नका, बहुतेक प्रिंटचे भाव वाढत नाहीत.

सांभाळायचं म्हणजे मुख्य शत्रू ऊन आणि ओल. फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवती, मागे लावायचा पुठ्ठा) हवाय हे आधीच ठणकावून सांगा, साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदावर पिवळी चौकट उमटवतो आणि ती सहजासहजी जात नाही. काच चित्राला टेकू द्यायची नाही. आणि कागदाला सेलोटेप कधीही नाही, कधीही म्हणजे कधीही.

सुरुवात आर्ट कॉलेजांच्या वार्षिक प्रदर्शनापासून करा, प्रिंटमेकिंगवाल्या मुलांशी बोला, ते पत्रा आणि ब्लॉक काढून दाखवतात, तासभर कसा जातो कळत नाही. आवडलं आणि एकदम पैसे देणं जमत नसेल तर हप्त्याने द्याल का असं सरळ विचारा, व्होगेल पण हप्त्यानेच घ्यायचे आणि आम्हाला तरी आजवर कुठल्या चित्रकाराने त्यावरून नाक मुरडलेलं नाही.