मामाला मी उलट का बोलले

प्रिय पिल्ला,

रविवारी मामाचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "आई, मोठ्यांना उलट बोलायचं नाही असं तूच सांगतेस ना? मग मामा बोलत होता तो व्यंगचित्रकार पंतप्रधानांची टिंगल करणारी चित्रं काढतो, ते कसं चालतं? आणि मामावर का ओरडलीस?" मी कुकर लावायचं निमित्त करून उठले. उत्तर सुचलंच नव्हतं, आणि प्रश्न तर मनातून जाईना.

व्यंगचित्रकाराने हसवावं, राजकारणावर मतं ठोकू नयेत, असं मामाचं म्हणणं. मला ते लागलं, कारण आम्ही दोघं अण्णांजवळच वाढलो.

पेपर आला की अण्णा आधी आर. के. लक्ष्मणांच्या व्यंगचित्राचं पान उघडायचे. चौकड्यांच्या कोटातला, कधीच तोंड न उघडणारा तो सामान्य माणूस कुठे उभा आहे, हे शोधायचं काम माझं. मग दाढीच्या जुन्या ब्लेडने चित्र कापायचं आणि जमाखर्चाच्या वहीत चिकटवायचं. खळीची वाटी मामा धरायचा. हो, हाच मामा.

त्या वहीत एक पिवळं पडलेलं कात्रण होतं, १० डिसेंबर १९७५चं. व्यंगचित्रकार अबू अब्राहमांचं चित्र. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत आणि किलकिल्या दारातून सही केलेला कागद बाहेर देताहेत. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणताहेत. आणीबाणीचे दिवस होते. आता यातलं मत काढून टाक आणि सांग, काय उरलं? आंघोळ करणारा एक म्हातारा. अण्णा पक्के इंदिराबाईंचे. ते सांगायचे, "दोन दिवस त्या पेपराला शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी कापून ठेवलं."

तुझा जन्म २०१२चा. त्याच वर्षी मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला चित्रांवरून राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्याने लांडगे काढले होते. मला ती चित्रं आवडली नव्हती, अजूनही नाही आवडत. पण चित्रासाठी कोठडी? तेव्हा तुला मांडीवर घेऊन मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचत होते.

तरी तुझा प्रश्न खोटा नाही. मी नऊ वर्षांची असताना वहीच्या मागच्या पानावर अण्णांचं चित्र काढलं होतं, तोंड उघडं टाकून घोरणारे. त्यांनी ते पान फाडलं आणि दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. इतकी चित्रं जपणारा माणूस! संध्याकाळी मीच पाया पडले. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही. पण अण्णा रागावले तर माझी एक दुपार गेली. खुर्चीवरचा माणूस रागावला की पोलीस दारात येतात. म्हणून वयाने मोठा आणि खुर्चीने मोठा यांना मी एका मापाने मोजत नाही. अर्थात घरात मी तुला किती वेळा गप्प केलंय, तेही मला आठवतंय.

वही मामाकडे आहे. डिसेंबरात गेलो की बघू या. तुला नको असेल तर आग्रह नाही. मामाला मी उद्या फोन करणार आहे. माफी मागेन, पण आवाज चढवल्याची. मताची नाही.

तुझी,
आई