वाचकांचे प्रश्न : रग्बीत बाहेर गेलेला खेळाडू परत येतो का?

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या संघात प्रॉप खेळते. एकदा बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो का? आणि बुटांचे नियम काय?

उत्तर : पंधरा खेळाडूंच्या रग्बीत डावपेच म्हणून बाहेर काढलेला खेळाडू एरवी परत येत नाही. मात्र कुणाला रक्त आलं, डोक्याची तपासणी लागली, प्रतिस्पर्ध्याच्या फाऊलमुळे दुखापत झाली किंवा पहिल्या फळीतलं (दोन प्रॉप आणि त्यांच्या मधला हुकर) कुणी जखमी झालं, तर त्या जागी येऊ शकतो. रक्त थांबवायला १५ मिनिटं मिळतात; तेवढ्यात परतला नाही, तर बदल कायमचा.

प्रॉप आणि हुकरची गोष्ट वेगळी. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून ढकलतात तेव्हा, मागच्यांचा सगळा जोर त्यांच्या मानेवर येतो, म्हणून तिथे सराव नसलेल्याला कधीच उभं करू नये. २३ जणांच्या संघात पहिल्या फळीचे किमान सहा हवेतच. योग्य खेळाडू उरला नाही, तर स्क्रम बिनजोराचा होतो, म्हणजे कुणी ढकलत नाही.

बुटाचा स्टड (तळाचा खुंट) २१ मिलिमीटरपेक्षा लांब नको. धातूचे स्टड घालून सिमेंटवर चाललं की कडा धारदार होतात आणि रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूसाठी उभ्याने होणाऱ्या झटापटीत) दुसऱ्याची कातडी फाटते. सामन्याआधी प्रत्येक स्टडवरून अंगठा फिरवा. बोचला तर बदलाच. डोक्यावरची मऊ स्क्रमकॅप कान वाचवते, मेंदूला बसणारा धक्का थांबवत नाही.