आई-बाबांसोबत गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी जपान की तैवान?

चारचौघांत कपडे काढायचा आई-बाबांना संकोच आहे म्हणता, तर सरळ तैवान. जपानच्या ओन्सेनमध्ये (गरम झऱ्यांच्या स्नानगृहांत) बायका-पुरुषांची कुंडं सहसा वेगळी असतात, पण आत अंगावर काहीच चालत नाही. हातातला छोटा पंचासुद्धा डोक्यावर ठेवायचा, पाण्यात बुडवायचा नाही. तैवानच्या बहुतेक सार्वजनिक कुंडांत उलट स्विमसूट सक्तीचा, त्यामुळे घरचे सगळे एकत्र बसू शकता. शिवाय सोपं किती! तैपेईहून मेट्रोने बेइतौ, तिथे गाडी बदलून शिनबेइतौ, मग दहाएक मिनिटं चाललं की वाफाळणारं तळं आणि गंधकाचा वास (सडक्या अंड्यासारखा, पण सवय होते). आईची जोडवी-पैंजण आधीच काढून ठेवा, त्या पाण्यात चांदी काळी पडते.

मात्र बर्फ पडत असताना उघड्यावर कढत पाण्यात बसायचं स्वप्न असेल, तर जपानला पर्याय नाही. हिवाळ्यात गरम झऱ्यांच्या कुसात्सु गावी जा आणि कुटुंबापुरतं खाजगी कुंड देणारी पारंपरिक जपानी सराई, म्हणजेच र्‍योकान शोधा. तुमच्या अंगावर टॅटू असेल तर बुकिंगआधी विचारा, बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत.