मुंजा, गिऱ्हा, हडळ आणि एक पोरकी मुलगी
लेखनशाळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोकणातल्या लोककथांमधली भुतंखेतं घेऊन किशोरांसाठी अद्भुतकादंबरी लिहिणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत अकरा वर्षांच्या पोरक्या मुलीला मुंजा, गिऱ्हा, हडळ, देवचार, वेताळ, चकवा आणि साती आसरा भेटतात आणि तेच तिचं घर होतं. कच्चा खर्डा वाचणाऱ्या मुलांना मात्र कोण कोणता हे लक्षात राहत नाही. (कुडाळ)

उत्तर : गर्दी आहे हे खरं, पण नुसती पात्रं कमी करून भागणार नाही. लोककथेतल्या प्रत्येक भुताला तीन गोष्टी असतात : राहायची जागा, अपुरं राहिलेलं काहीतरी आणि न मोडता येणारा नियम. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. त्याची जागा पिंपळ. हडळ बाळंतपणात गेलेली, तिची पावलं उलटी. गिऱ्हा बुडून मेलेला, माणसाला खोल पाण्यात ओढणारा. त्याचा केस कापून जपून ठेवणाऱ्याची त्याला चाकरी करावी लागते, अशी समजूत आहे.

आता अपुरेपण पाहा. एकाचं मोठं होणं राहिलं, एकीचं आईपण, एकाचं काठाला लागणं. यांच्यात पोरकी मुलगी आली की घराची गरज चौघांनाही सारखीच पडते. घर या चौघांचंच ठेवा. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, हे सात तोंडांचं एकच पात्र समजा. चकवा तर पात्रच नाही, तो प्रसंग आहे : चालून चालून माणूस पुन्हा त्याच झाडाखाली येतो. वेताळ भुतांचा राजा. त्याला शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवा.

कादंबरी ४०,००० शब्दांची धरली, तर मुंजा ३,००० शब्दांच्या आत यावा, गिऱ्हा ९,००० च्या आसपास आणि हडळ १५,००० ला. मधलं अंतर ५,००० शब्दांखाली नेऊ नका. नवा आला की आधीच्यांची घडी विस्कटायला हवी, आणि त्याला पानं लागतात. हडळ आली की मुलीच्या उशाशी बसायची मुंजाची जागा जाणार. तो रुसणार, रात्रभर पिंपळावरून उतरणार नाही. हा रुसवा तुम्ही गाळला, तर हडळ नुसती यादीत वाढते.

मग एक चाचणी घ्या. संवादांमधली दहा वाक्यं बोलणाऱ्याचं नाव न देता कागदावर उतरवा. वाचणाऱ्या मुलाला आठ तरी ओळखू आली पाहिजेत.

प्रश्न : भुतं आणि मुलगी एकमेकांना ‘आपण आता एक कुटुंब आहोत’ असं म्हणतात तिथे सगळं खोटं वाटतं. ते कसं टाळायचं? (पुणे)

उत्तर : ते वाक्य काढून टाका. ‘कुटुंब’ हा शब्दच पूर्ण कादंबरीत नको. मराठीत माया हाकेत कळते. मुलीने हडळीला सुरुवातीला कशानेच हाक मारू नये, नुसतं ‘ऐका’ म्हणावं. हाताला चटका बसलेल्या रात्री तोंडातून ‘मावशी’ निघावं. आणि ‘आये’ सबंध कादंबरीत एकदाच, तेही घाईत, तिच्या स्वतःच्याही लक्षात न येता. प्रत्येक जोडीसाठी असा हाकेचा तक्ता करून प्रकरणाचा आकडा समोर लिहा. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोण कधी येतं हे त्यात नोंदलं नाही, तर एकाच पानावर दोन्ही रूपं येतात आणि वाचक बाहेर फेकला जातो.

दुसरी खूण म्हणजे एकमेकांचे नियम पाठ असणं. हडळीची पावलं उलटी, म्हणून तिचा माग काढणारा मांत्रिक भलतीकडे जातो. मुलगी मात्र ठशांच्या टाचेच्या दिशेने न विचारता चालू लागते. हे तिसऱ्या वेळेला घडेल तेव्हा वाचकाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हा. त्याचा कापलेला केस मुलीच्या गाठीला आहे तोवर तो जे करतो ती माया की चाकरी, हे त्यालाही सांगता येणार नाही. बरेच लेखक इथे घाई करतात, त्याला आपसूक प्रेमळ करून टाकतात. तसं करू नका, दात काढलेला गिऱ्हा कुणाला नको असतो. साधारण ३०,००० शब्दांवर मुलीने केस परत द्यावा, तोही तिला त्याची सर्वांत जास्त गरज असताना. त्याने निघून जावं. खरंच जावं, किमान दोन प्रकरणं त्याचा मागमूस नको. परत आला तर काहीतरी सोडून यावा : स्वतःचा डोह, किंवा नव्याने हाती लागलेलं सावज. मग चुलीजवळ त्याची ओली जागा तशीच मोकळी ठेवलेली त्याला दिसू दे.

प्रश्न : आमच्याकडे देवचाराला गाऱ्हाणं घालतात. त्याला विनोदी पात्र केलं तर चालेल का? (मडगाव)

उत्तर : आमच्या मते नको. देवचार गावाच्या सीमेचा राखणदार आहे आणि त्याला मानणारी माणसं आज आहेत. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे अशाच राखणदार देवाला, भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर राखणीला फिरतो आणि त्या झिजतात. या चपलेत विनोदापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. गावाचं नाव काल्पनिक घ्या आणि देवचाराला घरात आणू नका. तो सीमेवर भेटावा, वाट द्यावी, मागे राहावा.

प्रश्न : भुतांच्या समजुती पडताळून पाहायला छापील आधार आहे का? (नाशिक)

उत्तर : आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली माहिती आर. ई. एन्थोवेन यांनी पुढे संकलित केली. कोकणाचा भाग १९१५ साली इंग्रजीत निघाला. त्यातली बरीच उत्तरं गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली आहेत, म्हणून एकाच भुताच्या तऱ्हा गावागणिक बदलतात. तुम्ही एकाच गावची तऱ्हा निवडून शेवटपर्यंत पाळा. दोन गावांचे नियम मिसळले की कथेत पळवाट तयार होते.

प्रश्न : माझी पात्रं रात्री खाडी ओलांडतात. भरती-ओहोटी आणि चंद्र किती काटेकोर हवेत? (रत्नागिरी)

उत्तर : पूर्ण काटेकोर, किनाऱ्यावरचं मूल चूक लगेच पकडतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा जुना ठोकताळा वापरा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, पहाटे आणि दुपारीही. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊला. म्हणून चतुर्थीच्या रात्री नऊला चालत ओलांडता येईल आणि तीनला गिऱ्ह्याच्या पाठीवर बसावं लागेल. चंद्र पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो, तेव्हा त्या दिवशी तिन्हीसांजेला चांदणं लिहू नका. आणि मुलीच्या झोपेचा हिशोब ठेवा. भुतं रात्री फिरतात, अकरा वर्षांच्या पोरीला नऊ-दहा तास झोप लागते. सलग दोन रात्री जागवली तर तिसऱ्या दिवशी तिला पिंपळाखाली दुपारभर झोपवा, आणि उन्हात दिसू न शकणारा मुंजा वरून तिच्यावर पानं पाडत राहील.