त्या जर्सीत सर्वांत मोठा कोण? आइस हॉकीवर वाचकांचे प्रश्न

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ३२ संघांपैकी प्रत्येकाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, यावर वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमची यादी सुरुवातीलाच अडते. वेन ग्रेट्स्की हा एडमंटन ऑइलर्सचा सर्वश्रेष्ठ, हे सगळ्यांना मान्य आहे. तो पुढे लॉस एंजेलिस किंग्जकडूनही खेळला. मग तिथंही त्याचंच नाव का नको?

कारण प्रश्न ‘या संघातून गेलेला सर्वांत मोठा खेळाडू’ असा नाही, ‘या संघासाठी सर्वांत जास्त केलेला खेळाडू’ असा आहे. यादी करायला बसण्याआधी एकच नियम ठरवा : त्या जर्सीत जे केलं तेवढंच मोजायचं. अर्धेअधिक वाद इथंच मिटतात.

ग्रेट्स्कीने एडमंटनसाठी ६९६ सामन्यांत १६६९ पॉइंट केले (गोलचा एक पॉइंट, असिस्टचा म्हणजे गोलसाठी दिलेल्या पासचाही एक, एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट) आणि १९८४, ८५, ८७, ८८ असे चार स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकले. ९ ऑगस्ट १९८८ ला त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. तिथं ५३९ सामने, ९१८ पॉइंट, १९९३ ची एक अंतिम फेरी, आणि तीही माँट्रियलकडून हरलेली. एरवी कुणाच्याही कारकिर्दीला पुरून उरतील असे हे आकडे. पण त्याच किंग्जकडून मार्सेल डिऑनने १३०७ पॉइंट केले आहेत, आणि अँझे कोपिटारने २०१२ व २०१४ चे कप आणले, शिवाय बचावात सर्वोत्तम ठरणाऱ्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी दोनदा. आमचं मत कोपिटारला. डिऑनवाल्यांशी भांडता येईल, पण ग्रेट्स्की तिथं तिसरा.

हा नियम लावला की आवडत्या खेळाडूंच्याही काही गोष्टी वजा होतात. रे बोर्कचा २००१ चा कप कोलोरॅडोच्या खात्यात जातो, बोस्टनच्या नाही. पॅट्रिक रुआचे चार कप दोन-दोन असे माँट्रियल आणि कोलोरॅडोत वाटले जातात. आणि पिट्सबर्गचा मारियो लेम्यू पुढे त्याच संघाचा मालक झाला, संघ वाचवला, हे सगळं खरं, पण ते जर्सी उतरवून केलेलं काम.

प्रश्न : बोस्टन ब्रुइन्ससाठी बॉबी ऑर ६३१ सामने खेळला, रे बोर्क १५१८. पॉइंटही बोर्कचेच खूप जास्त, १५०६ विरुद्ध ८८८. तरी सगळे ऑरचं नाव घेतात. ही नुसती जुन्या लोकांची भावुकता नाही का?

नाही. इथं दोन वेगळी मापं एकमेकांत मिसळतात : शिखर किती उंच होतं आणि ते किती वर्षं टिकलं. एकूण बेरीज दुसऱ्या मापाला झुकतं माप देते. म्हणून दोघांचे सर्वोत्तम सात मोसम शेजारी-शेजारी मांडा, आणि उरलेल्या वर्षांना वेगळं, कमी वजन द्या.

सात मोसमांत ऑरसमोर कुणी टिकत नाही. १९६७-६८ पासून सलग आठ वेळा सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी. बचावपटू असून संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट, तेही दोनदा. दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला हे एकदाही जमलेलं नाही. १९६९-७० या एकाच मोसमात हार्ट (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), आर्ट रॉस (सर्वाधिक पॉइंट), नॉरिस आणि कॉन स्माइथ (प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू) या चारही ट्रॉफ्या. पुढच्या मोसमात १३९ पॉइंट आणि प्लस १२४. हा शेवटचा आकडा आजही विक्रम आहे.

पण प्लस-मायनसला फार डोक्यावर घेऊ नका. खेळाडू बर्फावर असताना संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवर-प्लेवर, म्हणजे शिक्षेमुळे समोरचा संघ कमी खेळाडूंनिशी खेळत असताना, केलेले गोल धरत नाहीत. तगड्या संघात सामान्य खेळाडूचाही आकडा फुगतो. तेव्हाचा बोस्टन तगडाच होता, त्यामुळे हा आकडा संघातल्या इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहा, एकटा पुराव्याला आणू नका.

बोर्कच्या बाजूने बोलायचं तर १९८८ आणि १९९० या दोन्ही अंतिम फेऱ्यांत त्याच्यासमोर एडमंटन होतं. ऑरने १९७० आणि १९७२ चे कप जिंकून दिले, आणि दोन्ही वेळा निर्णायक गोल त्याचाच. गुडघ्याने दगा दिला नसता तर हा प्रश्न आलाच नसता.

प्रश्न : जुन्या काळी गोलच जास्त व्हायचे. मग १९८१-८२ मधले ग्रेट्स्कीचे ९२ गोल आणि २००७-०८ मधले अलेक्झांडर ओव्हेच्किनचे ६५ यांची तुलना कशी करायची?

त्या मोसमात लीगमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी किती गोल होत होते, ते काढा. खेळाडूच्या गोलांना त्या सरासरीने भागा आणि ६ ने गुणा. म्हणजे सामन्याला ६ गोल होणाऱ्या काळात त्याचे किती झाले असते ते कळतं.

१९८१-८२ ची सरासरी ८ च्या आसपास होती. ९२ भागिले ८ गुणिले ६ म्हणजे ६९. २००७-०८ ची साधारण साडेपाच. ६५ भागिले ५.५ गुणिले ६ म्हणजे ७१. म्हणजे वरवर २७ गोलांचं अंतर, आणि हिशेबात दोघे जवळजवळ बरोबरीत. मोसमाची लांबी वेगळी असेल तर तीही सारखी करून घ्या. इथं ८० आणि ८२ सामने आहेत, म्हणून फरक किरकोळ. पण १९४४-४५ चा ५० सामन्यांचा मोसम आजच्या ८२ शी ताडताना तो मोठा होतो.

चूक होते ती पुढे. लोक हेच गणित असिस्टना आणि प्लेऑफला डोळे झाकून लावतात. प्लेऑफला त्याच वर्षीच्या प्लेऑफची सरासरी घ्यावी लागते. आणि हे गणित फक्त गोलांचा महागाई-दर काढतं, विरोधकांचा दर्जा नाही. १९४४-४५ मध्ये मॉरिस रिशारने ५० सामन्यांत ५० गोल केले, तेव्हा लीगमधले कित्येक खेळाडू युद्धावर होते. ते कुठल्याच भागाकारात दिसत नाही.

हेच पिट्सबर्गला लावून पाहा. मारियो लेम्यू ९१५ सामन्यांत १७२३ पॉइंट, म्हणजे सामन्याला १.८८. सिडनी क्रॉस्बी २०२४-२५ मोसमाच्या अखेरीस १३५२ सामन्यांत १६८७, म्हणजे १.२५. काळाचा हिशेब धरला की अंतर बरंच कमी होतं, पण मिटत नाही. क्रॉस्बीचे कप तीन, लेम्यूचे दोन. प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ दोघांनाही दोनदा. लेम्यूच्या पारड्यात १९९२-९३ हा मोसम टाका : हॉजकिन्स लिम्फोमाच्या उपचारांमुळे बरेच सामने हुकले, फक्त ६० खेळला, आणि तरी १६० पॉइंटसह लीगमध्ये पहिला. दुसऱ्या क्रमांकाच्या पॅट लाफाँटेनचे ८४ सामन्यांत १४८. आम्ही लेम्यूकडे. क्रॉस्बीचं नाव घेणाऱ्याला मात्र चूक म्हणणार नाही.

प्रश्न : गोलरक्षकाची तुलना फॉरवर्डशी करायची तरी कशी? आमचं बफेलोवर घोडं अडलं आहे, डॉमिनिक हाशेक की जिल्बेअर पेरो.

पेरो संपूर्ण कारकीर्द बफेलोत खेळला : ११९१ सामने, ५१२ गोल, १३२६ पॉइंट. निष्ठेची स्पर्धा असती तर तोच. पण हाशेकने संघाला काय दिलं ते गोलांच्याच भाषेत मांडता येतं.

१९९८-९९ मध्ये त्याचं बचावाचं प्रमाण .९३७ होतं, लीगची सरासरी .९०८ च्या आसपास. म्हणजे दर १००० फटक्यांमागे सर्वसाधारण गोलरक्षक ९२ गोल खाणार आणि हाशेक ६३. त्या मोसमात त्याच्यावर जवळपास १९०० फटके आले. गुणाकार करा : पन्नासहून जास्त गोल एकट्याने अडवले. हा हिशेब झाला की गोलरक्षक आणि फॉरवर्ड एकाच तराजूत बसतात. बफेलोतच सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणाऱ्या सहा व्हेझिना ट्रॉफ्या, आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी लागोपाठ दोनदा, १९९७ आणि १९९८. दोन हार्ट मिळालेला गोलरक्षक तो एकटाच. आमच्या मते बफेलोचा प्रश्न सोपा आहे. त्याचे कप डेट्रॉइटचे, ते इथं मोजायचे नाहीत. पण त्याला त्यांची गरजही पडत नाही.

दोन सापळे सांभाळा. व्हेझिना आज जनरल मॅनेजरांच्या मतांवर मिळते, पण १९८१-८२ च्या आधी ती सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला आपोआप जायची. म्हणून जाक प्लांतच्या सात आणि हाशेकच्या सहा व्हेझिना समोरासमोर ठेवून सात मोठे म्हणू नका. दुसरा सापळा विजयांचा. २००५-०६ पासून बरोबरी संपली, शूटआउट आलं, आणि पूर्वी बरोबरीत सुटणारे कित्येक सामने विजयांत मोजले जाऊ लागले. मार्टिन ब्रोदूरचे न्यू जर्सीसाठीचे ६८८ विजय दोन्ही काळांत विभागलेले आहेत. अर्थात तिथं त्याचं पहिलं स्थान त्यावर अवलंबून नाही. तीन कप आणि चार व्हेझिना पुरेशा आहेत.

प्रश्न : माँट्रियल कॅनेडियन्ससाठी कप मोजले तर आँरी रिशार पहिला यायला हवा. त्याचे ११ आहेत. मग त्याला कुणी का निवडत नाही?

कप संघ जिंकतो, म्हणून. ११ हा खेळाडू म्हणून जिंकलेल्या कपांचा विक्रम आहे, आणि आँरी उत्तम सेंटर होताच. पण त्यातले बरेच कप सहा संघांच्या लीगमधले. १९६७ पर्यंत दोन मालिका, म्हणजे एकूण ८ सामने जिंकले की कप हातात. आज चार मालिका आणि १६ विजय लागतात, समोर ३२ संघ. जुना कप कमअस्सल नाही, पण एकास एक भावाने मोजायचा नाही.

ट्रॉफ्यांचंही तसंच. नॉरिस १९५४ पासून, कॉन स्माइथ १९६५ पासून. त्याआधीच्या खेळाडूसमोर शून्य दिसलं तर ते अपयश नव्हे. तेव्हा ट्रॉफीच नव्हती.

खरी लढत मॉरिस रिशार आणि जाँ बेलिव्हो यांच्यात. मॉरिसचे ९७८ सामन्यांत ५४४ गोल, ८ कप, प्लेऑफमध्ये १३३ सामन्यांत ८२ गोल. बेलिव्होचे ११२५ सामन्यांत १२१९ पॉइंट, १० कप, आणि पहिलीवहिली कॉन स्माइथ त्यालाच. संघासाठी पॉइंटचा विक्रम मात्र दोघांचाही नाही. तो गी लाफ्लरचा, १२४६. गोल हवा असेल त्या क्षणी मॉरिस, वीस मोसमांसाठी संघ बांधायचा असेल तर बेलिव्हो. आमचं मत बेलिव्होला, फार थोड्या फरकाने.

प्रश्न : विनिपेग जेट्सचं काय करायचं? संघ गेला, परत आला, नाव तेच.

नाव तेच, संघ वेगळा. जुने जेट्स १९९६ मध्ये फीनिक्सला गेले आणि कायोटीज झाले. आजचे जेट्स म्हणजे २०११ मध्ये हललेला अटलांटा थ्रॅशर्स. लीगच्या नोंदीत डेल हावरचकचे ९२९ पॉइंट आजच्या जेट्सचे नाहीत. शेन डोन जुन्या विनिपेगमध्ये सुरू झाला आणि त्याच फ्रँचायझीकडून १५४० सामने खेळला. २०२४ मध्ये कायोटीजचे खेळाडू युटाला गेले, पण युटा नवा संघ मानला गेला, जुने विक्रम सोबत गेले नाहीत.

म्हणून आधी ठरवा, यादी शहराची की फ्रँचायझीची. दोन्ही चालतील, मिसळ चालणार नाही. फ्रँचायझीच्या यादीत आजच्या जेट्ससाठी कॉनर हेलेबक : २०२०, २०२४, २०२५ च्या व्हेझिना आणि २०२५ ची हार्ट. क्वेबेक ते कोलोरॅडो या स्थलांतरात असा घोळ नाही. जो सॅकिक दोन्हीकडे होता, आणि १६४१ पॉइंटसह दोन्हीकडून तोच.

प्रश्न : व्हेगास गोल्डन नाइट्ससारख्या नव्या संघाचं?

२०१७ मध्ये आलेला संघ, २०२३ चा कप. त्या प्लेऑफची कॉन स्माइथ मिळवणारा जोनाथन मार्शेसो पुढच्याच वर्षी संघ सोडून गेला. नाव लिहा, पण पेन्सिलीने.

प्रश्न : शेवटी मतदान घेतलं तरी मतं फुटतात. न्यूयॉर्क आयलँडर्सवर आमचं तीन नावांत अडलं.

१९८० ते ८३ असे सलग चार कप जिंकलेल्या संघात हे होणारच. माइक बॉसीचे ७५२ सामन्यांत ५७३ गोल, सलग नऊ मोसम पन्नासच्या वर. डेनिस पॉटव्हिन बचावपटू असून १०६० सामन्यांत १०५२ पॉइंट. ब्रायन ट्रॉटिये १३५३ पॉइंटसह संघात पहिला, आणि बचावातही पक्का.

एकच नाव मागू नका. हार्ट ट्रॉफीच्या मतपत्रिकेसारखी क्रमवारी घ्या : पहिल्याला १० गुण, मग ७, ५, ३, १. मतपत्रिका चर्चेच्या आधी भरून घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस निकाल ठरवतो.

समजा नऊ जण आहेत. चौघांनी बॉसी, ट्रॉटिये, पॉटव्हिन असा क्रम दिला; तिघांनी पॉटव्हिन, ट्रॉटिये, बॉसी; दोघांनी ट्रॉटिये, पॉटव्हिन, बॉसी. एकेका नावाच्या मतदानात बॉसी चार मतांनी पहिला. गुणांनी मात्र बॉसी ६५, पॉटव्हिन ६४ आणि ट्रॉटिये ६९. सर्वांत कमी पहिली मतं मिळालेला पुढे गेला, कारण कुणीच त्याला तिसरा ठेवला नाही. टोरंटोत अशाच सर्वमान्यतेला किंमत आली असावी : २०१६ मध्ये संघाने आपल्या शंभर सर्वश्रेष्ठांची यादी केली तेव्हा पहिला आला डेव्ह किऑन, ८५८ पॉइंटवाला, ९८७ पॉइंटवाला मॅट्स सुंडिन नव्हे. किऑनकडे चार कप होते.

गुण समान आले तर पहिल्या क्रमांकाची मतं कुणाला जास्त ते बघा. तीही सारखी असतील तर दोन्ही नावं ठेवा. व्हँकुव्हरला तर ते करावंच लागतं : हेन्रिक सेडिन १०७० पॉइंट, जुळा भाऊ डॅनिएल १०४१, आणि एकाच्या पासवर दुसऱ्याचा गोल.